वसंत, वाडा आणि सतरंजी

आपल्याकडे वसंत ऋतूचं वेळापत्रक कोणी आखलं कळत नाही. वसंतपंचमी माघात येते, तेव्हा आपण स्वेटरात असतो. पंचांगातला वसंत चैत्रात लागतो, तेव्हा आपण पंख्याखाली असतो. मधल्या फाल्गुनात झाडं खरोखर फुलतात, तेव्हा मुलांच्या परीक्षा असतात. त्यामुळे मराठी मध्यमवर्गाची वसंताशी गाठ पडते ती बहुधा रिक्षातून, पेपरला उशीर होत असताना. "ते बघ, काय फुललंय झाड," असं आई म्हणते आणि मुलगा पुस्तकातून मान वर न करता विचारतो, "परीक्षेला आहे का?"

यात कवींचाही दोष आहेच. वसंत म्हटलं की मंद वारा, चंदनाची उटी, झोपाळे आणि सुगंध, हे त्यांनी आपल्या डोक्यात इतकं भरून ठेवलंय की मार्चमधल्या दुपारी दोन वाजता रस्त्यावर घाम पुसत उभा असलेला माणूससुद्धा "वसंत आला" म्हणून खूश होतो. इंग्रज या बाबतीत प्रामाणिक. त्याच्या देशात वसंत म्हणजे थंडी सरून बागेत हिंडायचे दिवस. इथे येऊन त्याने आपला वसंत पाहिला आणि सामान बांधलं. उन्हं तापायला लागली की मुंबईचा गव्हर्नर महाबळेश्वर गाठायचा आणि पावसाळ्यात पुण्याला यायचा. पुण्यातल्या मुक्कामासाठी गणेशखिंडीत केवढा थोरला बंगला बांधला, भोवती बाग केली. आज तिथे पुणे विद्यापीठ आहे. पण ऐन वसंतात साहेब तिथे नसायचा. एवढी बाग फुलायची आणि बघायला फक्त माळी.

तर वसंतात आपण कुठे जावं? सल्ला मिळतो, बागेत जा. पुण्यात बागांना तोटा नाही, निदान नावांत तरी नाही. तुळशीबाग घ्या. तिथे रामाचं सुंदर देऊळ आहे आणि भोवती पातेली, पोळपाट, कानातली, केसातली आणि भातुकलीची भांडी. तुळस शोधायची तर पितळी वृंदावनासकट विकत मिळेल. रमणबागेत शाळा भरते. बेलबागेत नाना फडणवीसांनी बांधलेलं विष्णूचं देऊळ आहे. विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधला, पण पेशवाई गेली आणि त्या वास्तूच्या नशिबी संस्कृत पाठशाळा, नगरपालिकेची कचेरी, पोस्ट असं सगळं आलं, विश्राम तेवढा आला नाही. राहता राहिली सारसबाग. ती खरोखरची बाग आहे, हिरवळ आहे, फुलं आहेत. पण तिथे मुळात तळं होतं. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी ते खोदवलं, मध्ये बेट ठेवलं, बेटावर पुढे गणपती आला. पाणी गेलं, हिरवळ आली, गणपती मात्र अजून तळ्यातला म्हणूनच ओळखला जातो. थोडक्यात, जिथे बाग होती तिथे बाजार आहे आणि जिथे बाग आहे तिथे पाणी होतं.

बरं, बागेत गेलात तरी वसंत भेटेलच असं नाही. बहुतेक सार्वजनिक बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. म्हणजे वामकुक्षीची वेळ पाळणाऱ्या बागा आहेत, पण बागेत वामकुक्षी केलेली चालत नाही. हिरवळीवर पाऊल पडलं की कुठून तरी शिट्टी वाजते. ती वाजवणारा दिसत नाही. पक्षी ओळखायला शिकणाऱ्या एका मुलाने तिची नोंद वहीत केल्याचं मी पाहिलं आहे.

शनिवारवाड्याची गंमत वेगळी. पहिल्या बाजीरावाने १७३० च्या जानेवारीत पायाभरणी केली, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये झाला असं सांगतात आणि हा आकडा ऐकला की प्रत्येक पुणेकराच्या चेहऱ्यावर आपल्या फ्लॅटचा हप्ता उमटतो. पुढे १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली. लाकडी मजले गेले, उरली ती जोती, तटबंदी आणि हत्तींना दूर ठेवण्यासाठी खिळे ठोकलेला दिल्ली दरवाजा. त्यामुळे आत गेल्यावर गाईड जे दाखवतो ते सगळं हवेत असतं. "इथे आरसेमहाल होता." आपण हवेकडे बघतो. "इथून नारायणराव धावत आले." आपण हिरवळीकडे बघतो. पाहुणे मंडळींतला इतिहासप्रेमी हळहळतो आणि निसर्गप्रेमी खूश होतो, कारण जोत्यांच्या मधोमध गवत आहे, झाडं आहेत, पोपट आहेत. इतिहास जळून बाग उरली आहे.

याच्या बरोबर उलटा प्रकार बघायचा असेल तर वाईजवळ मेणवलीला जावं. पुण्याहून सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे. आमच्या सोसायटीची वसंत सहल तिथे गेली होती. सहलीला जाताना कोणत्याही मराठी मंडळाचे दोन तट पडतात, तसे आमचेही पडले. इतिहासवाले पुढच्या बाकांवर, निसर्गवाले खिडक्यांशी. तिसरा तट मागे होता. त्याच्या ताब्यात डबे होते आणि त्यामुळे खरी सत्ताही.

पहिली चकमक खंबाटकी घाटात झडली. डोंगरउतारावर एक झाड लालभडक पेटलं होतं. पान एक नाही, नुसती फुलं. इतिहासवाल्यांतले एक काका म्हणाले, "पळस!" खिडकीतल्या मुलीने अत्यंत शांतपणे सांगितलं, "पांगारा आहे, काका." काकांनी म्हणीचा आधार घेतला. पळसाला पाने तीनच, मोजून घ्या. इथे निसर्ग किती कुजका असतो ते कळतं. एक तर पळस फुलतो तेव्हा बहुधा पानं गळून गेलेली असतात, म्हणजे मोजायला काही नसतं. आणि पानं आली तरी उपयोग नाही, कारण पांगाऱ्याचं पानसुद्धा तीन दलांचंच असतं. शेकडो वर्षं मराठी माणूस ज्या म्हणीवर विसंबला ती झाड ओळखायच्या कामी येत नाही, हे ऐकून काका घाट संपेपर्यंत बोलले नाहीत.

मुलीने मग खुणा सांगितल्या. पळसाचं फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं, देठाकडची वाटी काळसर मखमली. पांगाऱ्याचे लाल तुरे फांदीच्या टोकाला. काटेसावरीचं फूल मोठं, जाड पाच पाकळ्यांचं, खाली पडलं तर टपकन आवाज येतो. ही तिन्ही झाडं पानं झडल्यावर फुलतात, त्यामुळे फुलं लांबून दिसतात आणि मैना, बुलबुल, शिंजीर, भोरड्या मधावर तुटून पडतात. चोचीला, डोक्याला पराग लागतात, ते पुढच्या झाडावर जातात. सगळा लाल रंग हा पक्ष्यांसाठीचा फलक आहे, आपल्यासाठी नाही. "म्हणजे आपण फुकटे," असं मागच्या बाकावरून आत्या म्हणाल्या आणि चिवड्याचा डबा उघडला.

आत्यांचं निसर्गाबद्दलचं मत पक्कं आहे. सुरूरला गाडी वाईकडे वळली, दोन्ही बाजूंचे जुने वड सुरू झाले आणि कुठूनशी साद आली. कोणीतरी म्हणालं, कोकिळा काय गोड गाते. मुलीने दुरुस्ती केली, गातो तो नर, कोकीळ. मादी तोपर्यंत कावळ्याच्या घरट्यात अंडं कधी घालता येईल याच्या विवंचनेत असते. आत्या म्हणाल्या, "म्हणजे कामाची धावपळ तिनं करायची आणि नाव ह्यानं मिळवायचं. यात निसर्गात जाऊन बघण्यासारखं काय आहे?"

वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन झालं. देवळाची नदीकडची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, म्हणजे कृष्णेचा पूर आला तर पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ अजून उभं आहे. हे ऐकून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगमधल्या पाण्याचा विषय काढला, तो मी इथे देत नाही. याच गावात मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं आणि वाढलं. नदी, घाट, देवळं आणि डेरेदार झाडं यांच्या सहवासात बसून जगातल्या सगळ्या विषयांवर नोंदी लिहायच्या, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना वसंत ऋतू कुठे काढावा हे पक्कं कळत होतं.

आणि मग मेणवली. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. पानिपतातून जिवंत परत आलेला, पुढे पेशवाईचा कारभार तोलून धरणारा माणूस. त्यांनी कृष्णेकाठी हा वाडा बांधला, मागे घाट, घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. नाना वारले ते १३ मार्च १८०० रोजी, म्हणजे ऐन पांगाऱ्याच्या दिवसांत. वाडा अजून उभा आहे. एकात एक चौक, लाकडी खांब, कडीपाट, भिंतींवर विटत चाललेली चित्रं. याच वाड्यात सापडलेल्या कागदपत्रांना मेणवली दप्तर म्हणतात आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ते टाळून पुढे जाता येत नाही.

आमच्या काकांनी हे सगळं दरवाज्यातच सांगायला घेतलं. मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न आला, "शाहरुख कुठे बसला होता?"

'स्वदेस' हा २००४ चा चित्रपट इथे चित्रित झाला. त्यात हे गाव चरणपूर नावाचं उत्तरेकडचं खेडं आहे. नानांनी दिल्लीपासून म्हैसूरपर्यंतची राजकारणं केली, पण त्यांचं स्वतःचं गाव एकगठ्ठा उत्तर प्रदेशात गेलं ते चित्रपटवाल्यांच्या हातून. त्यानंतर अर्धा तास घाटाच्या प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी बसून फोटो काढून घेत होतं. काकांनी निषेध म्हणून घाटाकडे पाठ केली. त्याही अवस्थेत त्यांचा एक फोटो चांगला आला.

घाटावर एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, ही एक इथे. चर्चसाठी ओतलेली, वसईतून सह्याद्री चढलेली वस्तू. तिच्याकडे बघून काय वाटावं यावर पानंच्या पानं लिहिता येतील. मराठी माणसाला तिच्याकडे बघून जे वाटतं ते लिहायला एक ओळ पुरते: वाजवून बघू.

आता मुख्य भांडण. ते मेणवलीत झालं नाही, परतीच्या वाटेवर एका खाजगी वाड्यात झालं. नाव सांगत नाही, मालक मासिकं वाचतात. वाडा जुना, पुढची भिंत घडीव दगडाची, वर विटा. आणि दुसऱ्या मजल्याच्या सज्जाखाली, दगडांच्या सांध्यातून बाहेर आलेलं पिंपळाचं झाड. फाल्गुनातली पालवी. पानं अजून हिरवी झालेली नव्हती, कोवळी, तांबूस, इतकी पातळ की ऊन आरपार जात होतं. त्या सगळ्या भिंतीवर तेवढीच एक जिवंत गोष्ट. निसर्गवाल्यांनी फोटो काढायला सुरुवात केली आणि इतिहासवाल्यांनी कपाळाला हात लावला.

दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर भांडण रंगलं. पिंपळाची फळं पक्षी खातात, विष्ठेतून बी भिंतीवरच्या खोबणीत पडतं, चुन्याच्या सांध्यात त्याला ओल मिळते, माती जवळजवळ लागतच नाही. मग मूळ सांध्यासांध्यातून आत शिरतं, जाड होतं आणि दगड ढकलायला लागतं. वरून छाटलं तर ते पुन्हा फुटतं, बहुधा अधिक जोमाने. समूळ काढायचं तर दगड सुटे करून पुन्हा बसवावे लागतात आणि त्याचा खर्च ऐकून मालक वाड्यापेक्षा पिंपळावर जास्त प्रेम करू लागतो. म्हणजे ज्या वसंतासाठी आम्ही नव्वद किलोमीटर आलो, तोच दरवर्षी फाल्गुनात थोडा थोडा वाडा पाडत होता. आणि दिसत होता फारच सुंदर.

वाद टिपेला पोचला तेव्हा शेजारच्या घराच्या कामावरचा गवंडी विडी विझवून पुढे आला. काकांनी त्याला विचारलं, "हे झाड तुम्ही का काढत नाही?"

"त्याला हात कोन लावनार? पिपळात मुंजा असतोय."

"अहो, एवढ्याशा रोपात?"

"मुंजा बारकाच असतोय की."

यावर पुरातत्त्वशास्त्राकडेही उत्तर नाही आणि वनस्पतिशास्त्राकडेही नाही. दोन्ही तट गप्प झाले.

दुपारचा एक वाजला होता. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववेना. मालकांनी, त्यांचं भलं होवो, आम्हाला आतल्या ओसरीवर डबे सोडायला परवानगी दिली. दशम्या, कैरीची डाळ, लसणाची चटणी आणि थर्मासमधलं पन्हं. जेवण झालं आणि आत्यांनी पिशवीतून एक सतरंजी काढली. कोणाला काही न विचारता त्यांनी ती अंथरली, पदर तोंडावर घेतला आणि झोपल्या. पाच मिनिटांत इतिहासवाले आडवे झाले. दहा मिनिटांत निसर्गवाले. तटांमधला भेद नाहीसा करणं एवढं सोपं होतं हे कोणाला ठाऊक नव्हतं.

मी पडल्या पडल्या वर बघत होतो आणि वाडा म्हणजे काय हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं असं म्हणायला हरकत नाही. भिंती हात-दीड हात जाड. रात्रीचा गारवा त्यांच्यात मुरतो आणि दुपार झाली तरी पुरता सुटत नाही. मधला चौक उघडा, तापलेली हवा तिथून वर निघून जाते आणि खाली सावलीतली थंड हवा राहते. ओसरी चौकाकडे तोंड करून, म्हणजे उजेड मिळतो पण ऊन अंगावर येत नाही. खिडक्या लहान, का लहान असं आपण उगाच विचारतो. दिंडी दरवाजा बुटका, का बुटका असं कपाळाला टेंगूळ आल्यावर विचारतो. आम्ही मंडळी दिवसभर या घरांना वारसा म्हणून बघत होतो, तारखा पाठ करत होतो, महिरपी मोजत होतो. बांधणाऱ्याने त्यांची योजना केली होती फाल्गुन ते वैशाखातली दुपार काढायला. इंग्रज वसंतात डोंगरावर पळाला. आपल्या पूर्वजांनी डोंगराचा गारवा घरात आणायची खटपट केली आणि मग त्यात अंग टाकलं. वसंत बागेत फिरत बघायची चीज आहे ही समजूत थंड देशातली. आपल्याकडे सकाळी नऊपर्यंत झाडं बघावी, संध्याकाळी नदीवर जावं आणि मधला सगळा वसंत आडवं होऊन घ्यावा.

दुर्दैवाने जिथे जिथे जुना वाडा जपून ठेवला आहे तिथे तिथे नेमकं हेच करायला मनाई असते. ओसरीवर बसू नये. जोत्याला टेकू नये. चौकात थांबू नये. म्हणजे वाडा बघा, पण वाड्यात राहणारे लोक जे करायचे त्यातलं काही करू नका. त्यामागची कारणं मला समजतात. आपण लोक भिंतीवर किल्लीने बदाम कोरणारे, कोनाड्यात शेंगांची टरफलं ठेवणारे, त्यामुळे पाट्या लागल्या. तरी पाटी कोरणाऱ्यांसाठी असावी, घोरणाऱ्यांसाठी नसावी. घोरण्याने आजवर एकही तुळई खाली आलेली नाही.

साडेतीनला आम्ही उठलो. मालकांनी चहा दिला. काकांनी आणि त्या मुलीने मिळून पिंपळाचं काय करता येईल याचा एक कागद लिहून दिला. त्यात काकांनी दगड कसे काढावे ते लिहिलं आणि मुलीने ते रोप मुळांसकट कुठे लावावं ते. मालकांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, "आणि मुंजाचं?" तो मुद्दा पुढच्या वर्षीच्या सहलीवर सोडला आहे.

वाचकांना एवढंच सांगतो की पळस-पांगारा बघायचा असेल तर मार्च सरायच्या आत निघा, चैत्र लागला की तिथे फुलं नाहीत, शेंगा दिसतील. पाणी भरपूर घ्या, टोपी घ्या, सतरंजी विसरू नका. आणि जुन्या वाड्यांचे मालक, विश्वस्त, पुरातत्त्व खातं अशा सर्वांना एक नम्र विनंती आहे. तिकीट हवं तर दुप्पट करा, पण नियमांच्या पाटीखाली एक लहान पाटी लावा: दुपारी बारा ते चार ओसरीवर आडवे होण्यास परवानगी आहे, घोरणाऱ्यांनी मागच्या चौकात जावे.